आतले नट

शिवाजी उद्यमनगरातलं एक जुनं टर्निंगचं शेड गेल्या महिन्यात रिकामं झालं. दोन लेथ भंगाराच्या भावाने गेले, ड्रिलिंग मशीन कुणीतरी इचलकरंजीला नेलं, आणि शेडचे मालक, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणायची, ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. कोल्हापुरात अशी शेडं बंद होतात, नवी निघतात. पण त्याच आठवड्यात शेजारच्या एका तरुणाने नव्या जिम्नी गाडीसाठी फोनवरून मागवलेली पेटी मला दाखवायला आणली, आणि ते मनाला लागलं. पेटीत अ‍ॅल्युमिनियमच्या चाकामागे घालायच्या चार काळ्या चकत्या होत्या, 30 मिलिमीटर जाडीच्या, सोबत नटांची पिशवी. धातू कोणता, नट किती जोराने आवळायचे, पुन्हा कधी तपासायचे, याचा कागद नव्हता. बसवणार कुठे, तर टायरच्या दुकानात, हवेच्या गनने. आतले नट पुन्हा कधी आवळणार, असं मी विचारलं. आत वेगळे नट असतात हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण एकदा चाक चढलं की ते दिसत नाहीत.

मामांच्या शेडमधून अशी चकती, म्हणजे स्पेसर, घ्यायची तर माणसाला दोनदा यावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा तो आला नाही तर मामा स्वतः त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. 1993 ते 2003 हा काळ मी त्या शेडच्या शेजारी काढला. एका गॅरेजात सुट्या भागांचा हिशेब बघायचो आणि रॅलीचा मोसम आला की सर्व्हिसच्या गाडीबरोबर फिरायचो. त्या दहा वर्षांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज स्पेसरचा विषय निघाला की दोनच मतं कानावर येतात. एक म्हणतो, हे जीवघेणं आहे, हातच लावू नका. दुसरा म्हणतो, काही होत नाही, सगळेच लावतात. दोघांपैकी कुणीही चाक उतरवून आत पाहिलेलं नसतं.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाक थोडं बाहेर काढायचं असेल तर हब आणि रिम यांच्या मध्ये चकती घालतात, तो स्पेसर. साधा स्पेसर नुसता मध्ये सरकवतात आणि हबमधून बाहेर आलेल्या मूळच्याच स्टडवर नट लावतात. त्यात स्टडची लांबी खर्ची पडते. 12 मिलिमीटरच्या, 1.25 मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या स्टडवर नट किमान नऊ-दहा फेरे बसला पाहिजे. पाच मिलिमीटरची चकती त्यातले चार फेरे खाते. म्हणून जाड चकतीसाठी बोल्ट-ऑन प्रकार आला. ही चकती आधी गाडीच्या स्टडवर स्वतःच्या नटांनी आवळायची, आणि तिच्यात दाबून बसवलेल्या नव्या स्टडवर चाक चढवायचं. आटे पुरेसे मिळतात. पण जिथे एक जोड होता तिथे दोन होतात, आणि त्यातला आतला जोड चाकाच्या मागे झाकला जातो.

त्या काळात एका वर्तमानपत्रात मोटारींवर सदर लिहिणारे एक गृहस्थ होते. स्पेसर लावला की स्टडवर जास्त भार येतो आणि ते तुटतात, असं ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. मी त्यांना दोन पत्रं लिहिली, त्यांनी छापली नाहीत, म्हणून इथे लिहितो. चाक स्टडवर टांगलेलं नसतं. 12 मिलिमीटरचा स्टड 100 न्यूटन-मीटरने आवळला की तो ताणला जातो आणि रिमला हबवर साधारण चार टनांच्या जोराने दाबतो. पाच स्टडचे मिळून वीस टन होतात. या दाबामुळे दोन पृष्ठभागांमध्ये जे घर्षण तयार होतं, त्यावर गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणाचा आडवा रेटा, सगळं तोललं जातं. दाब शाबूत असेपर्यंत स्टडला आडवा मार बसतच नाही. दाब कमी झाला की मात्र रिम हबवर केसभर सरकू लागते, प्रत्येक फेऱ्याला स्टड पुढे-मागे वाकतो, आणि काही शे किलोमीटरांत धातू थकून तुटतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगाने दाखवून दिलं होतं की, आडव्या सरकण्याने नट जेवढ्या लवकर सैल होतात तेवढे उभ्या धक्क्यांनी होत नाहीत. स्टड तुटलेला दिसतो म्हणून सगळे स्टडला दोष देतात. आधी नट सैल पडलेला असतो.

आणि नट सैल का पडतो, हे कळायला पुस्तक लागत नाही, शेडमध्ये एक दिवस बसलं तरी पुरतं. हबच्या तोंडावर गंज असतो. चकतीवर रंगाचा थर असतो. भोकाच्या कडेला बारीक चुरा राहिलेला असतो. नट आवळला की हे सगळं त्या दाबाखाली असतं; गाडी चालली की थर बसतो, चुरा चिरडतो, आणि जिथे मिलिमीटरचा काही शतांश भाग खाली गेला तिथे ताणलेला स्टड तेवढाच सैलावतो. त्यात ब्रेकची उष्णता. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तापल्यावर चकती नटाखाली आणखी दाबली जाते, निवल्यावर तो दाब सगळाच परत येत नाही. म्हणून नवा स्पेसर बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटर चालवून पुन्हा आवळायचा, हा नियम जगभर आहे. साध्या चाकाला हे काम रस्त्याच्या कडेला पान्याने दहा मिनिटांत होतं. बोल्ट-ऑन स्पेसरला आधी चाक उतरवावं लागतं. तिथेच माणूस कंटाळतो, आणि तिथूनच पुढचे अपघात सुरू होतात.

1993 च्या आधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या जमान्यात चाक बाहेर काढायची हौस कुणाला नव्हती. काही जीपवाले रिम उलटी करून बसवायचे, बेअरिंग खायचे आणि गप्प बसायचे.

मग 1993 च्या जुलैत मारुतीने रुंद जिप्सी आणली. 1985 च्या डिसेंबरात आलेल्या मूळ जिप्सीच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर 1210 मिलिमीटर होतं, मागच्यांमधलं 1220. उंच गाडी आणि अरुंद चाल, त्यामुळे वळणावर ती कलायची हे सगळ्यांना माहीत होतं. नव्या गाडीत हे अंतर 1300 आणि 1310 झालं. कारखान्याने ते स्पेसर घालून केलं नाही, अ‍ॅक्सलच रुंद केले. पण आमच्याकडे तोवर जुन्या जिप्सी बऱ्याच होत्या, काही लिलावातल्या, काही कारखानदारांच्या आणि बागायतदारांच्या. नवी गाडी रस्त्यावर दिसली आणि जुनीवाल्यांना आपली गाडी एकदम उभट वाटू लागली. फरक बाजूला 45 मिलिमीटरचा. उद्यमनगरात त्या दिवाळीपर्यंत दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारत यायचं, चाक बाहेर काढून देता का?

मामांनी पहिल्या काहींना परत पाठवलं. 45 मिलिमीटर ते करणार नव्हते, 30 वर तडजोड झाली. त्यांची कामाची पद्धत मी शेजारून पाहिली आहे आणि ती इथे नीट नोंदवून ठेवतो, कारण आता ती कुठे लिहिलेली सापडणार नाही.

गाडी आणल्याशिवाय माप घेतलं जात नसे. फोनवर माप सांगणाऱ्याला ते सरळ नाही म्हणायचे. चाक उतरवायचं, हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करायचं, हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास व्हर्नियरने दोन दिशांनी मोजायचा. जिप्सीला पाच स्टड, स्टडच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी 139.7, मधलं भोक 108 मिलिमीटर. हे त्यांना पाठ होतं, तरी मोजायचे, कारण लिलावातल्या गाडीचा हब कधी कुणी खरवडलेला असे. चकती त्या उंचवट्यावर बोटाने दाबून बसली पाहिजे, खुळखुळता कामा नये. मग स्टड चकतीच्या जाडीपेक्षा बाहेर डोकावतो का ते पाहायचं. डोकावला तर रिम चकतीवर न टेकता स्टडच्या टोकांवर टेकते. बाहेरून नट घट्ट लागतो, पान्याला अडतो, आणि आत काहीच दाबलेलं नसतं. सगळ्यात फसवी चूक हीच, आणि आज 20 मिलिमीटरच्या तयार चकत्या विकणारे तिचा उल्लेखही करत नाहीत.

धातू म्हणजे एचई-30 या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा गोल बार. कोल्हापूर हे ओतकामाचं गाव, शिरोलीच्या फाउंड्रीतून ओतीव चकती निम्म्या किमतीत मिळाली असती, आणि काही जण तशी घेऊन यायचेही. मामा ती हातात घेऊन परत द्यायचे. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या पोटात पोकळी राहिलेली असू शकते आणि ती वरून दिसत नाही, एवढंच कारण ते सांगायचे. स्टड ते स्वतः कधी करत नसत. लेथवर आटे कापले की आट्याच्या तळाशी धार राहते आणि तडा तिथून सुरू होतो. कारखान्यात आटे दाबून पाडलेला, 10.9 प्रतीचा तयार स्टड मागवायचा आणि मागून प्रेसने बसवायचा. चकतीला रंग नाही. गिऱ्हाईक रंग मागायचं, मामा म्हणायचे, कडेला मारा, तोंडाला मारायचा नाही.

उद्यमनगरात तेव्हा टॉर्क रेंच असलेली शेडं कमी होती. मामांची रेंच लाकडी पेटीत असायची आणि दुसऱ्या कुणाला मिळत नसे. आतले नट ताऱ्याच्या क्रमाने, दोन टप्प्यांत. मग चाक. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, "राधानगरीला जाऊन या, मग बघू." कोल्हापूर ते राधानगरी आणि परत म्हणजे शंभरेक किलोमीटर, थोडा घाटासारखा रस्ता, थोडे खड्डे, ब्रेक तापतील एवढी वळणं. परत आल्यावर गाडी निवू द्यायची, चारही चाकं उतरवायची, आतले नट पुन्हा रेंचने पाहायचे. बहुतेक वेळा एखाद-दुसरा नट थोडा फिरायचा. मग त्यावर रंगाची रेघ मारायची, नटावरून चकतीपर्यंत सरळ. मजुरीचे निम्मे पैसे मामा त्या दुसऱ्या दिवशी घेत, म्हणजे माणूस परत यायचाच.

मी स्वतः मोटारस्पोर्टकडे ओढला गेलो तो जिप्सीमुळेच. रॅलीचालक हरी सिंग आणि लीलाकृष्णन हे त्या वेळच्या पोरांचे हिरो, आणि ते जिप्सी चालवायचे. आमची गाडी त्या तोडीची नव्हती. पुणे आणि नाशिकच्या बाजूला मुरमाच्या रस्त्यांवर जे काही व्हायचं तिथे ती जायची. तिथे मी जे शिकलो ते आजच्या वादात कुणी बोलत नाही. रॅलीच्या गाडीचं चाक ज्या हाल-अपेष्टांतून जातं, त्याच्या दहाव्या हिश्शाचाही मार रस्त्यावरच्या गाडीला बसत नाही. तरीही रॅलीच्या गाडीतला स्पेसर जास्त सुरक्षित असतो, कारण तिचं चाक दर सर्व्हिसला उतरतंच. टायर बदलायचा असतो, ब्रेक बघायचा असतो, रिम वाकली का पाहायची असते. चाक उतरलं की आतले पाच नट समोर दिसतात, त्यांवरची रेघ सरळ आहे का हे एका नजरेत कळतं. रस्त्यावरच्या गाडीचं चाक पंक्चर झालं नाही तर सहा-सहा महिने जागचं हलत नाही.

नाशिकजवळच्या एका सर्व्हिसला आमच्या डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या एका नटाची रेघ पाव फेरा सरकलेली निघाली. त्याआधीचा टप्पा लांब उताराचा होता, ब्रेक निळे पडले होते. वेळ दोन-तीन मिनिटांचीच उरली होती. चालक ओरडत होता की लाव चाक आणि सोड. आमच्या मुख्य मिस्त्रीने पाचही नट सैल केले, पुन्हा क्रमाने आवळले, आणि उशिराचा दंड घेतला. गरम असताना नुसता वरून एक झटका दिला असता तर नट घट्ट वाटला असता आणि निवल्यावर पुन्हा सैल पडला असता. चालकाने त्या दंडाबद्दल मिस्त्रीला वर्षभर ऐकवलं. त्याला मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो: ती रॅली तुम्ही पूर्ण केलीत ती त्या माणसामुळे.

त्याच काळातला आणखी एक हिशेब बाकी आहे, तो तांत्रिक तपासणीचा. गाडी स्पर्धेत सोडण्याआधी स्क्रुटिनी होते. हेल्मेट, पट्टे, रोलकेज, अग्निशामक, बॅटरीचा स्विच हे सगळं बघतात, आणि ते बघायलाच पाहिजे. पण एका ऑटोक्रॉस स्पर्धेला मी तपासनिसांना विनंती केली की स्पेसर लावलेल्या गाड्यांचं निदान एक चाक तरी उतरवून बघा. वेळ नाही, असं उत्तर मिळालं. बाहेरच्या नटांना हात लावून झाला की झालं. त्या दिवशी मैदानात जवळच्या बाजारातून आणलेल्या, लांबट भोकांच्या, तीन पीसीडींना चालणाऱ्या चकत्या लावलेल्या दोन गाड्या धावल्या. लांबट भोक म्हणजे नटाखाली अर्धीच जागा टेकणार, आणि चकती मध्यावर बसणार की नाही हे नशिबावर. त्या विकणाऱ्या दुकानदाराला मी नंतर भेटलो होतो. तो म्हणाला, लोकांना हव्या असतात, आम्ही ठेवतो. अशा चकत्या आजही मिळतात.

बेअरिंगबद्दलही खूप घाबरवलं जातं. त्यात अर्धं खरं आहे. एका चाकावर 300 किलो भार आणि 30 मिलिमीटरचा स्पेसर धरला तर बेअरिंगवर नऊ किलोग्रॅम-मीटरचा जास्तीचा पीळ येतो. जोरात वळताना आडव्या रेट्याने येणारा पीळ याच्या दहापट असतो, आणि बेअरिंग तो सहन करण्यासाठीच बनवलेलं असतं. म्हणून स्पर्धेच्या गाडीत स्पेसरने बेअरिंग तडकाफडकी गेलं असं सहसा होत नाही. पण वळणाचा पीळ क्षणभर येतो आणि जातो. स्पेसरचा पीळ गाडी सरळ चालतानाही सतत असतो. बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, थोडा भार वाढला तरी बरंच कमी होतं. रोज वापरायच्या गाडीने हे लक्षात ठेवावं आणि गुरगुर ऐकू आली की टाळू नये.

मला त्याहून जास्त काळजी स्टिअरिंगची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला जिथे टेकते, आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यातलं अंतर अभियंत्याने विचार करून ठरवलेलं असतं. 1972 च्या ऑडी 80 ने हे अंतर मुद्दाम उलट्या बाजूला नेलं, म्हणजे एका बाजूचं चाक घसरलं तरी गाडी ब्रेकखाली सरळ राहावी. 30 मिलिमीटरचा स्पेसर लावला की हे अंतर तेवढ्याने बाहेर सरकतं. आंबा घाटात एक चाक डांबरावर आणि दुसरं कडेच्या मुरमावर असताना जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, ते यामुळे. रॅलीचा चालक त्यासाठी हात तयार ठेवतो. सुट्टीला कोकणात कुटुंब घेऊन निघालेल्या माणसाला ते माहीत नसतं. म्हणून पुढच्या चाकांना मोठा स्पेसर लावायला माझा स्पष्ट विरोध आहे, मग तो कितीही चांगला बनवलेला असो. मामांचा नव्हता, आणि त्यावरून आमचे खटके उडायचे.

2003 नंतर ते काम हळूहळू सुटत गेलं. तयार चकत्या येऊ लागल्या, आधी मुंबईहून, मग परदेशातून. राधानगरीला जाऊन या म्हणणारा माणूस लोकांना नकोसा झाला. पुढची दहा-बारा वर्षं अलॉय व्हीलची होती: स्विफ्ट, सतरा इंची रिम, नटाच्या आकाराकडे न बघता बसवलेली चाकं. होंडाच्या गोल बुडाच्या नटांवर शंकूच्या बुडाची रिम चढवलेली मी इतकी पाहिली की मोजणं सोडून दिलं. त्या वर्षांत शिकण्यासारखं नवीन काही नव्हतं, जुनंच विसरणं होतं.

एक अपवाद सांगतो. चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पोलो आली, आणि तिच्याबरोबर काही पुणेकर मुलांनी जर्मनीहून स्पेसर आणायला सुरुवात केली. माझा भाचा त्या वेळी श्टुटगार्टला शिकत होता. त्याने तिथली पद्धत पाहून मला सविस्तर लिहिलं. तिथे स्पेसरबरोबर तपासणी संस्थेचा दाखला येतो: कोणत्या गाडीला, कोणत्या रिमबरोबर, किती जाडीपर्यंत. बसवल्यावर गाडी तपासनिसाकडे न्यायची. तो कागद जुळवतो, चाक कुठे घासतं का ते स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून पाहतो, आणि लागू असेल तिथे गाडीच्या कागदपत्रांत नोंद होते. ऑटोबानवर ताशी 200 ने जाणाऱ्या गाड्यांना स्पेसर असतात, पोर्शे स्वतः काही मॉडेलांना कारखान्यातून देत आली आहे, आणि ते चालतं, कारण प्रत्येक चकतीमागे एक सही असते. भाच्याचं पत्र मी मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्याकडे सही मागायला येतो कोण?

त्याचं उत्तर 2019 मध्ये आलं, आणि ते मला आजही पटत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली, प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. निकालामागची काळजी खरी आहे. कर्कश सायलेन्सर, कापलेल्या चासी, वाटेल तशी लांबवलेली वाहनं रस्त्यावर होती आणि त्यांना आवर हवाच होता. पण स्पेसरच्या बाबतीत झालं असं की जो माणूस पूर्वी उघड विचारायला यायचा तो आता लपवतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेण्याआधी चकत्या काढून ठेवतो, परत आल्यावर घरी जॅकवर लावतो. विम्याच्या माणसाला सांगत नाही. चांगला टर्नर हे काम घ्यायला धजत नाही, कारण उद्या काही झालं तर त्याचं नाव निघणार. विकणारा मात्र फोनच्या पडद्यामागे सुरक्षित आहे. दंड गाडीच्या मालकाला होतो, पेटी पाठवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

नवी थार 2020 मध्ये आली, जिम्नी 2023 मध्ये, आणि घाटांत रुंद चाकांची हौस 1993 पेक्षा कितीतरी मोठी झाली आहे. जिम्नीला पीसीडी जिप्सीचाच आहे, मामांच्या शेडमधला भोकं पाडायचा साचा तिला जसाच्या तसा चालला असता. साचा भंगारात गेला याचं मला दुःख आहेच. पण त्याहून जास्त राग याचा येतो की त्या साच्याबरोबर जी शिस्त होती तिची जागा घ्यायला कुणीच पुढे आलं नाही, सरकारही नाही, स्पर्धा भरवणारेही नाहीत. रिमला आपल्याकडे चाचण्यांची मानकं आहेत, वळणाच्या थकव्याची, सरळ भाराची, कडेवरच्या आघाताची. त्याच रिमच्या आणि हबच्या मध्ये जी चकती जाते तिचा दाखला कुणी मागत नाही.

मी एका आरटीओ अधिकाऱ्यांशी याबद्दल बोललो. परवानगीच नाही तर तपासणी कसली, असं ते म्हणाले. मला सीएनजीची आठवण करून द्यावी लागली. मूळ कारखान्यात नसलेली, स्फोट होऊ शकणारी टाकी डिकीत बसवायला हेच सरकार परवानगी देतं. त्यासाठी मान्यताप्राप्त किट लागतं, अधिकृत केंद्र लागतं, आरसी पुस्तकात नोंद होते, आणि टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी होते. हे सगळं जमतं, कारण ते जमवायचं ठरवलं गेलं. स्पेसरसाठी याच्या निम्मंही लागणार नाही. चकतीच्या धातूचा दाखला, जाडीची मर्यादा, पुढच्या चाकांना बंदी, बसवणाऱ्याची सही, 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळल्याची नोंद, आणि वर्षातून एकदा चारही चाकं उतरवून आतले नट पाहिल्याचा शिक्का. स्पर्धेच्या गाड्यांसाठी तर कायदा बदलायचीही गरज नाही. स्क्रुटिनीच्या कागदावर एक ओळ वाढवली आणि एक चाक उतरवायला पाच मिनिटं दिली की झालं. पुढच्या मोसमाच्या आधी मी ही मागणी आयोजकांकडे लेखी देणार आहे, आणि ज्या मिस्त्रींनी त्या दहा वर्षांत रेघा मारल्या त्यातले जे अजून काम करतात त्यांच्या सह्या तिच्यावर घेणार आहे.